पैनगंगेच्या तीरावरील चुनखडक: खचत गेलेल्या दरीची कहाणी

विड्याच्या पानाला लावलेला चुना, दिवाळीपूर्वी भिंतींवर फिरणारा सफेदीचा हात आणि घराच्या पायात ओतलेले सिमेंट या तीन गोष्टी व्यवहारात एकमेकींपासून दूरच्या वाटतात. तिघींचे मूळ मात्र एकाच खडकात आहे. हा खडक म्हणजे चुनखडक होय. महाराष्ट्राचा फार मोठा भूभाग काळ्या पाषाणाने, म्हणजे बेसाल्टने, व्यापलेला आहे. परंतु विदर्भाच्या पूर्व व दक्षिण भागात हे चित्र बदलते. यवतमाळ जिल्ह्यातील वणी, मुकुटबन आणि चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा, कोरपना, गडचांदूर या टापूत नदीच्या दरडींत, ओढ्यांच्या पात्रांत आणि खाणींच्या भिंतींत वहीच्या पानांसारखे एकावर एक रचलेले करडे, तपकिरी व काळसर थर दिसतात. पैनगंगेच्या पलीकडच्या तीरावर, तेलंगणातील आदिलाबाद परिसरातही हेच थर आढळतात. भूवैज्ञानिकांनी नदीच्या नावावरून या खडकांच्या समूहाला पैनगंगा गट हे नाव दिले असून त्यातील चुनखडकाच्या मालेला चांदा चुनखडक असे म्हटले जाते. चंद्रपूरचे जुने नाव अशा रीतीने शास्त्राच्या परिभाषेत टिकून राहिले आहे.

समुद्रकिनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या प्रदेशात शेकडो मीटर जाडीचा हा चुन्याचा साठा कोठून आला? तो येथेच का, आणि शेजारच्या तालुक्यांत का नाही? या प्रश्नांचे उत्तर जमिनीच्या पोटात लपलेल्या एका खचदरीत आहे. त्या दरीची कहाणी जिज्ञासा पुरविणारी तर आहेच, शिवाय या भागातील विहिरींच्या पाण्याशी, खाणींशी आणि ग्रामपंचायतींपुढे येणाऱ्या निर्णयांशीही तिचा निकटचा संबंध आहे.

कार्बोनेटी खडक म्हणजे काय?

ज्या खडकांत कार्बोनेट वर्गाच्या खनिजांचे प्राबल्य असते त्यांना कार्बोनेटी खडक म्हणतात. त्यांत दोन प्रमुख आहेत. कॅल्शियम कार्बोनेटाचा, म्हणजे कॅल्साइट या खनिजाचा, बनलेला तो चुनखडक; आणि कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही असलेल्या डोलोमाइट या खनिजाचा बनलेला तो डोलोमाइट खडक. दोघांची ओळख पटविणे सोपे आहे. विरल हायड्रोक्लोरिक अम्लाचा थेंब चुनखडकावर टाकला की तत्काळ फसफसून बुडबुडे येतात. डोलोमाइट मात्र कुटून भुकटी केल्याशिवाय सहसा फसफसत नाही. काळ्या पाषाणावर तर काहीच घडत नाही. हे बुडबुडे कार्बन डायऑक्साइड वायूचे असतात. खडक तयार होताना पाण्यातून त्यात बंदिस्त झालेला वायू अम्लाच्या स्पर्शाने कोट्यवधी वर्षांनंतर मोकळा होतो.

वाळूचा खडक आणि चुन्याचा खडक यांत एक मूलभूत भेद आहे. वालुकाश्म तयार होतो तो दुसऱ्या खडकांच्या झिजेतून. डोंगर झिजतात, नद्या वाळू वाहून नेतात आणि ती कोठेतरी साठते. चुनखडकाचा बहुतेक माल अशा रीतीने कणाकणांच्या रूपाने येत नाही. तो पाण्यात विरघळून येतो आणि साठण्याच्या जागी किंवा तिच्या आसपासच घनरूप होतो. कढत पाण्याच्या भांड्याच्या तळाशी कालांतराने पांढरा थर बसतो हे गृहिणींना ठाऊक आहे. पाण्यातील कार्बन डायऑक्साइड निघून गेला की चुना विरघळलेल्या स्थितीत राहू शकत नाही व खाली बसतो. उबदार, उथळ समुद्रात हेच कार्य अतिविस्तृत प्रमाणावर चालते. उन्हाने तापलेल्या पाण्यातून वायू निघून जातो, तर पाण्यातील सूक्ष्म वनस्पती व नीलहरित जीवाणू आपल्या पोषणासाठी तो शोषून घेतात. दोन्ही कारणांनी चुना पाण्यातून वेगळा होतो.

मात्र यासाठी एक अट आहे. पाणी गढूळ नसावे. नद्यांनी आणलेली वाळू व चिखल यांचा पुरवठा मोठा असेल, तर चुना तयार होऊनही त्या गाळात हरवून जातो आणि शुद्ध चुनखडक बनत नाही. म्हणून एखाद्या ठिकाणी चुनखडकाचा जाड थर आढळला म्हणजे तेथे दीर्घकाळ पाणी होते, ते बहुतांशी नितळ होते आणि गाळ आणणारा किनारा बराच दूर होता, एवढे अनुमान सहज करता येते.

जमीन ताणली गेली आणि दरी खचली

आपल्या पायांखालचे भूकवच अखंड व अचल आहे असे आपण समजतो. वस्तुतः ते अनेक प्राचीन गट्टूंचे मिळून बनलेले असून पृथ्वीच्या अंतर्भागातील हालचालींमुळे त्यावर सतत ताण व दाब पडत असतात. विदर्भ व तेलंगण यांच्या सीमेवर असे दोन अतिप्राचीन गट्टू शेजारी येतात. नैऋत्येस धारवाडचा आणि ईशान्येस बस्तरचा. या दोहोंमधील दुबळ्या पट्ट्यात वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारी सुमारे चारशे किलोमीटर लांबीची प्राणहिता-गोदावरी खचदरी निर्माण झाली. तिच्या दोन्ही कडांना विभंग, म्हणजे भूकवचातील मोठ्या भेगा, असून त्यांमधील भाग खाली सरकत गेला.

कणकेची लाटी दोन्ही हातांनी ताणली तर ती मधोमध पातळ होते व तेथे खळगा पडतो. भूकवचाचेही तसेच होते. परंतु त्याचा वरचा भाग कणकेसारखा मऊ नसल्यामुळे तो तडकतो आणि तडांमधील तुकडे पायऱ्यांप्रमाणे खाली घसरतात. खचण्याची ही पहिली अवस्था होय. दुसरी अवस्था संथ आणि दीर्घकाळ चालणारी असते. भूकवच पातळ झाले की त्याखालील प्रावरणाचा तप्त भाग वर येतो. ताण थांबल्यावर हा भाग हळूहळू निवू लागतो. निवताना तो आकुंचन पावतो, त्याची घनता वाढते आणि त्याबरोबर वरची जमीनही खाली जाते. भूकंपाचे धक्के थांबले, विभंग शांत झाले, तरी हे खचणे काही कोटी वर्षे चालू राहते.

तिसरे कारण गाळाचा स्वतःचा भार. नावेत धान्याची गोणी ठेवली की नाव थोडी खाली बसते. आणखी ठेवली की आणखी बसते. भूकवचही खालच्या घन परंतु मंदपणे वाहू शकणाऱ्या प्रावरणावर तरंगल्यासारखे असते. खळग्यातील पाण्याची जागा गाळाने घेतली की तळाशी भार वाढतो, तळ खाली जातो आणि आणखी गाळासाठी जागा होते. घनतेच्या साध्या हिशेबाने असे दिसते, की मूळच्या खळग्याच्या खोलीपेक्षा अडीच ते तीन पट जाडीचा गाळ त्यात सामावू शकतो.

वाळू, चुना आणि चिखल: दरीत साठलेली क्रमवारी

पैनगंगा गटाच्या थरांकडे खालून वर पाहत गेले असता या घटनांचा क्रम वाचता येतो. सर्वांत तळाशी, प्राचीन ग्रॅनाइटी खडकांच्या झिजलेल्या पृष्ठावर, वालुकाश्माचे थर आहेत. त्यांना प्राणहिता वालुकाश्म म्हणतात. ही दरीची बाल्यावस्था होय. कडा उंच होत्या, त्यांची झीज होऊन येणारा माल जवळच पडत होता, आणि समुद्राचे पाणी दरीत शिरू लागले होते.

दरी खचत राहिली तसतसा समुद्र पुढे सरकला आणि किनारा मागे हटला. नद्यांची वाळू आता दूरच्या किनाऱ्यावरच अडकू लागली. दरीच्या मध्यभागातील पाणी नितळ झाले. येथून चांदा चुनखडकाला आरंभ होतो. त्याच्या बऱ्याच भागातील थर अत्यंत बारीक कणांचे, पातळ आणि दूरवर एकसारखे पसरलेले आहेत. उथळ पाण्यातील लाटांमुळे थरांवर उमटणाऱ्या खुणा त्यांत दिसत नाहीत. यावरून अभ्यासकांनी असा निष्कर्ष काढला आहे, की हा चुन्याचा चिखल वादळी लाटांचाही स्पर्श तळाला होत नाही अशा खोल, शांत पाण्यात बसला. मूळ चुना तयार झाला असेल उथळ भागात. तेथून तो पाण्याबरोबर तरंगत येऊन खोल भागात हळूहळू खाली बसला.

दरीचा तळ मात्र सपाट वा स्थिर नव्हता. चुनखडकाच्या या शांत थरांमध्ये मधूनच मोडतोड झालेल्या चुनखडकाच्याच तुकड्यांनी भरलेले पिंडाश्माचे थर आढळतात. अर्धवट घट्ट झालेला चुन्याचा चिखल उतारावरून घसरला, त्याचे तुकडे झाले आणि ते खाली जाऊन पुन्हा गाळात रुतले, याची ही साक्ष आहे. आदिलाबाद परिसरात याच चुनखडकात चर्ट नावाच्या गारगोटीसारख्या खडकाचे व मँगनीजाच्या खनिजाचे थरही मिळतात. प्राणवायूची कमतरता असलेल्या पाण्यात मँगनीज विरघळून राहते व प्राणवायू मिळताच खाली बसते. त्या प्राचीन समुद्राच्या पाण्याची घडण कशी होती हे अशा थरांवरून समजते. थरांच्या रंगांतही असाच मजकूर दडलेला असतो. तपकिरी व तांबूस छटा लोहाच्या ऑक्साइडांमुळे येते. काळसर छटा बहुधा सेंद्रिय द्रव्य टिकून राहिल्याची, म्हणजे प्राणवायूच्या तुटवड्याची, खूण असते.

चुनखडकाच्या वर सातनाला शेल या नावाने ओळखला जाणारा चिकणमातीचा खडक येतो. मातीचा बारीक गाळ एवढा येऊ लागला की चुन्याला स्वतंत्र थर रचणे शक्य राहिले नाही. एका खचत्या दरीची वाळूपासून चुन्यापर्यंत आणि चुन्यापासून चिखलापर्यंतची ही क्रमवारी, जणू तीन प्रकरणांचा ग्रंथ, आज आपणास उघडून पाहता येते.

हे सर्व कधी घडले? भारतातील अशा प्राचीन गाळाच्या खडकांना भूविज्ञानात पुराण संघ असे समर्पक नाव आहे. पैनगंगा गटाचे वय ठरविण्याचे प्रयत्न अनेकांनी केले असून आकड्यांत मतभेद आहेत. तथापि काळ शंभर कोटी वर्षांच्या आगेमागे होता असे स्थूलमानाने म्हणता येईल. शिंपले, कवड्या, प्रवाळ यांसारखे कवचधारी प्राणी पृथ्वीवर सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीपासून विपुल झाले. म्हणजे चांदा चुनखडक साठत होता तेव्हा समुद्रात एकही शिंपला नव्हता. आजच्या बहुतेक चुनखडकांत प्राण्यांच्या कवचांचा वाटा मोठा असतो. येथे तो असणे शक्यच नव्हते. म्हणूनच या खडकांत शंख-शिंपल्यांचे अवशेष शोधणाऱ्याच्या पदरी निराशा येते.

दोन वेगांची शर्यत

चुनखडकाची जाडी शेकडो मीटर असली तर समुद्रही तेवढाच खोल असला पाहिजे, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो बरोबर नाही. समुद्राची खोली ही त्या क्षणाची गोष्ट आहे. थरांची जाडी ही तळ एकूण किती खचला याचे माप आहे. तळ खचण्याचा वेग आणि गाळ साठण्याचा वेग समान असतील तर समुद्राची खोली पिढ्यान्पिढ्या तीच राहील आणि थर मात्र वाढत जातील. गाळाचा वेग अधिक झाला तर समुद्र भरून जमीन होईल. खचण्याचा वेग अधिक झाला तर पाणी खोल होत जाईल, सूर्यप्रकाश तळाशी पोहोचणार नाही आणि तेथे चुना तयार होणे मंदावेल.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. हजार वर्षांत तीन सेंटिमीटर गाळ साठतो असे धरले, तर दहा लाख वर्षांत ३० मीटर आणि एक कोटी वर्षांत ३०० मीटर थर तयार होईल. हजार वर्षांत तीन सेंटिमीटर म्हणजे एका माणसाच्या आयुष्यात दोन-तीन मिलिमीटर. कोणाच्याही ध्यानात न येणारा हा वेग आहे; परंतु निसर्गाजवळ वेळेची टंचाई नव्हती.

साठलेला चिखल लगेच खडक होत नाही. वरच्या थरांच्या भाराने त्यातील पाणी पिळून निघते, कणांमधील पोकळ्यांत कॅल्साइटाचे स्फटिक वाढतात आणि सारे एकजीव होते. दाब अधिक झाला की चुनखडकाचा काही भाग पुन्हा विरघळतो व न विरघळणारी माती मागे राहते. घासून चकचकीत केलेल्या चुनखडकाच्या फरशीवर ज्या नागमोडी काळपट रेघा दिसतात, त्या बहुधा अशाच रीतीने उमटलेल्या असतात.

तीच दरी पुन्हा खचते

भूकवचात एकदा पडलेली भेग सहजासहजी बुजत नाही. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी, भारत गोंडवन या महाखंडाचा भाग असताना, ही दरी पुन्हा खचू लागली. तोपर्यंत चांदा चुनखडक घट्ट होऊन वर आला होता, झिजला होता. त्या काळी येथे हिमनद्या होत्या हे आज उन्हाळ्यातील चंद्रपूर पाहणाऱ्यास पटणे कठीण आहे. परंतु चंद्रपूरजवळ इरई परिसरात चुनखडकाच्या पृष्ठावर हिमनदीने ओढून नेलेल्या दगडांचे ओरखडे एकोणिसाव्या शतकातच भूवैज्ञानिकांनी पाहिले होते आणि त्यावर हिमनदीने टाकलेल्या दगडगोट्यांचा थर आहे.

हिमयुग सरल्यानंतर खचत्या दरीत दलदली आणि अरण्ये वाढली. त्यांच्यापासून दगडी कोळसा झाला. बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, वणी येथील कोळसा तो हाच. एकाच जिल्ह्यात चुनखडक आणि कोळसा शेजारी मिळावेत हा योगायोग नाही. एकाच दरीच्या दोन वेळच्या खचण्याचे ते फलित आहे. सिमेंटच्या भट्टीला हे दोन्ही लागतात.

पुढे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरांच्या काळात, याच दरीत पुन्हा एकदा चुनखडक तयार झाला. पण या वेळी समुद्र नव्हता. गोड्या पाण्याची सरोवरे होती. गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुक्यातील कोटा या गावाचे नाव या थरांना मिळाले आहे. येथील पातळ थरांच्या चुनखडकात मिळालेल्या माशांच्या अवशेषांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून संशोधकांचे लक्ष वेधले. विल्यम किंग यांनी १८८१ मध्ये प्राणहिता-गोदावरी खोऱ्यावरील आपला विस्तृत भूवैज्ञानिक अहवाल प्रसिद्ध केला. प्राणहितेच्या पलीकडे, आजच्या तेलंगणात, कोटा थरांतच एका प्रचंड डायनोसॉराचे सांगाडे मिळाले. उत्खननाचे वर्ष, १९६१, रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीचे होते. १९७५ मध्ये त्या प्राण्याचे बारापासॉरस टागोराय असे नामकरण करण्यात आले. बंगालीत ‘बडा पा’ म्हणजे मोठा पाय. तो सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आहे. सिरोंचा तालुक्यातील वडधम येथेही जीवाश्म उद्यान आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट पसरले आणि दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. या आवरणाखाली दरीचा पश्चिमेकडील भाग झाकला गेला. जेथे नद्यांनी हे आवरण झिजवून काढले, किंवा जेथे ते पोहोचलेच नाही, तेथे जुने खडक उघडे दिसतात. वणी-राजुरा टापूत चुनखडक मिळतो आणि पश्चिमेस थोड्या अंतरावर तो दिसेनासा होतो, याचे कारण हेच.

खडकाचा उपयोग आणि त्याची किंमत

चुनखडक भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापविला की त्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कळीचा चुना उरतो. शुद्ध चुनखडक १०० किलोग्रॅम घेतल्यास ५६ किलोग्रॅम चुना मिळतो आणि ४४ किलोग्रॅम वायू हवेत जातो. सिमेंटसाठी चुनखडक व मातीयुक्त द्रव्य यांचे मिश्रण सुमारे १४५० अंशांपर्यंत भाजतात. असे एक टन भाजलेले द्रव्य मिळविण्यास सुमारे दीड टन चुनखडक लागतो. मॅग्नेशियम अधिक असलेला दगड यास चालत नाही. म्हणून चुनखडक आणि डोलोमाइट यांतील भेद कारखानदाराच्या दृष्टीने पैशांचा प्रश्न ठरतो.

१९८० च्या दशकापासून गडचांदूर, आवारपूर परिसरात मोठे सिमेंट कारखाने उभे राहिले. रोजगार आला, रस्ते आले, बाजारपेठ वाढली. त्याचबरोबर खाणींच्या पायऱ्या खोल खोल जाऊ लागल्या. मघाच्या हिशेबाने पाहिले, तर खाणीतील दहा मीटर उंचीची एक पायरी म्हणजे सुमारे सव्वातीन लाख वर्षांची साठवण होय. ती काही महिन्यांत संपते. हा खडक पुन्हा तयार होणार नाही असे नाही. परंतु त्यासाठी समुद्र, खचती दरी आणि काही कोटी वर्षे हवीत. खाण संपल्यानंतर उरलेल्या खड्ड्याचे काय करावयाचे, हा प्रश्न म्हणूनच खाण चालू असतानाच विचारावयास हवा.

विहिरीचे पाणी आणि चुनखडक

या भागातील ग्रामस्थांचा एक नित्याचा अनुभव आहे. एका शेतात विहिरीला भरपूर पाणी लागते आणि बांधापलीकडच्या शेतात तेवढ्याच खोलीवर कोरडा दगड लागतो. यात दैवाचा भाग नाही. भरीव चुनखडकातून पाणी झिरपत नाही. ते त्याच्या भेगांतून व पोकळ्यांतून वाहते. पावसाचे पाणी हवेतील आणि त्याहून अधिक मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित अम्लधर्मी होते, भेगांत शिरते आणि त्यांच्या भिंती विरघळवून त्या रुंद करते. ज्या विहिरीस अशी भेग लागली ती भरते. जिला लागली नाही ती कोरडी राहते.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, असे पाणी सहसा जड असते. साबणाला फेस कमी येतो आणि भांड्यात खर बसते. दुसरी, रुंद भेगांतून पाणी जलद वाहते आणि वाळूतून गाळले जावे तसे ते गाळले जात नाही. गावाच्या वरच्या अंगाला टाकलेली घाण, शौचालयाचे झिरपणारे पाणी किंवा कारखान्याचे सांडपाणी दूरच्या विहिरीत थोड्याच अवधीत उतरू शकते. तिसरी, खाणीचा तळ भूजल-पातळीच्या खाली गेला आणि तेथील पाणी पंपाने उपसले जाऊ लागले, की त्याच भेगांशी जोडलेल्या आसपासच्या विहिरींची पातळी उतरू शकते. प्रत्येक कोरड्या विहिरीचा दोष खाणीवर टाकणे योग्य होणार नाही. अपुरा पाऊस आणि शेतीसाठी होणारा अमर्याद उपसाही कारणीभूत असतो. म्हणूनच अनुमानापेक्षा मोजमाप महत्त्वाचे ठरते.

गाव आणि शाळा यांना करता येण्यासारखे

हे मोजमाप अवघड नाही. गावातील चार-पाच विहिरी निवडून त्यांतील पाण्याची खोली दोरी व वजनाच्या साहाय्याने दरमहा मोजावी आणि तारखेसह ग्रामपंचायतीच्या वहीत नोंदवावी. शाळेतील विद्यार्थ्यांकडे हे काम आनंदाने सोपविता येईल. खाण सुरू होण्यापूर्वीची नोंद हाती असेल तर नंतरच्या तक्रारीला आधार मिळतो. नसेल तर ती वादातच विरते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदींशी या आकड्यांची तुलना करता येते.

१९५७ च्या खाण व खनिजविषयक कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती होऊन खाणबाधित जिल्ह्यांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानांची तरतूद करण्यात आली. पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण अशा कामांसाठी हा निधी असतो. आपल्या गावाची गरज आकड्यांनिशी मांडणाऱ्या ग्रामपंचायतीचे म्हणणे तेथे अधिक वजनदार ठरेल. अनुसूचित क्षेत्रातील गावांना १९९६ च्या पेसा कायद्यान्वये गौण खनिजांच्या परवान्यापूर्वी ग्रामसभेच्या अथवा योग्य स्तरावरील पंचायतीच्या शिफारशीचा आधार आहे. आपल्या जमिनीखाली कोणता खडक आहे आणि पाणी त्यातून कसे वाहते हे ठाऊक असलेली ग्रामसभा हा अधिकार अधिक जाणतेपणाने वापरू शकेल.

शिक्षकांसाठी तर हा परिसर उघडे विद्यालय आहे. एक सोपा प्रयोग सुचवावासा वाटतो. ओढ्यातील चार प्रकारचे दगड विद्यार्थ्यांना गोळा करावयास सांगावे आणि प्रयोगशाळेतील विरल अम्लाचा एकेक थेंब शिक्षकांनी स्वतः काळजीपूर्वक त्यांवर टाकावा. जो फसफसेल तो चुनखडक. मग थरांच्या जाडीची मोजणी, रंगांची नोंद आणि तुकड्यांचा पिंडाश्म कोठे दिसतो याचा शोध अशी पुढची सहल आखता येईल. चालू खाणीत मात्र परवानगीवाचून व जाणकार सोबत असल्यावाचून मुलांना नेऊ नये.

वर्धा, पैनगंगा, वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी या नद्या आज ज्या खोलगट भागाकडे ओढल्या जातात, त्याची आखणी त्या प्राचीन खचदरीने कधीच करून ठेवली आहे. शंभर कोटी वर्षांच्या आगेमागे चुन्याचा पहिला थर जेथे बसला, तेथेच आज विहिरीचा दोर सोडला जातो. त्या दोराला किती हात पाणी लागते हे दर महिन्याला वहीत लिहून ठेवणे, ही त्या खडकाशी ओळख करून घेण्याची पहिली पायरी ठरेल.